कुंडीतले रोप आणि थंडीची रात्र



मागच्या हिवाळ्यात एक उपासिका माझ्याकडे आल्या. त्यांच्या कुटुंबाने थोड्याच वर्षांपूर्वी धम्मदीक्षा घेतली आहे. मुलगी इंग्लंडात परिचारिका आहे. तिने तिकडच्या घराच्या अंगणात दोन कुंड्या ठेवल्या होत्या. एकीत कढीपत्ता, रोजच्या फोडणीसाठी. दुसरीत पिंपळाचे रोप, तिकडच्याच एका रोपवाटिकेतून आणलेले. ते तिने बोधिवृक्ष म्हणून लावले होते. उन्हाळाभर रोप छान वाढले. ऑक्टोबर संपता संपता एका सकाळी तिने दार उघडले, तर पिंपळाची सारी पाने काळी पडून लोंबत होती.

उपासिका म्हणाल्या, "दादा, सासूबाई म्हणतात, जुने देव सोडले म्हणून हे झालं. पिंपळ वाळला, आता घरात काही तरी वाईट होणार. मला हे पटत नाही. पण खरं सांगते, झोपही लागत नाही. काय ते तुम्हीच सांगा."

त्या माऊलीला मी हसलो नाही. तुम्हीही हसू नका. पिंपळावर मुंजा असतो, पिंपळ तोडला की निर्वंश होतो, हे ऐकतच आपण लहानाचे मोठे झालो. प्रतिज्ञा एका दिवसात घेता येते. भीती मात्र एका दिवसात जात नाही. ती दबा धरून बसते आणि एक रोप वाळले की पुन्हा डोके वर काढते. म्हणून ह्या प्रश्नाचे उत्तर नीट, कारणासह दिले पाहिजे. ते उत्तर देताना आणखी एक मोठा प्रश्न माझ्यासमोर उभा राहिला. जे आपल्या आश्रयाला आहे, त्याच्याविषयी आपले कर्तव्य काय? तोच प्रश्न आज तुमच्यापुढे ठेवतो.

एक रात्र, दोन कुंड्या

मी त्या मुलीशी फोनवर बोललो आणि एकच विचारले, "कढीपत्त्याचे काय झाले?" ती म्हणाली, "वरची पाने गेली, पण बुंधा हिरवा आहे. नखाने साल खरवडून पाहिली." "तो कुठे होता?" "स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून." "आणि पिंपळ?" "तो अंगणाच्या मधोमध, फरशीवर."

पाहा, रात्र तीच, घर तेच, देव सोडणारे माणूसही तेच. कोपच व्हायचा होता, तर तो तीन पावलांवर का थांबला? एक कुंडी वाचली आणि दुसरी गेली, ह्याला कारण आहे. ते कळले की भीतीला जागा उरत नाही.

कारण असे. आभाळ निरभ्र असले आणि वारा पडलेला असला की दिवसभर जमिनीने साठवलेली ऊब रात्री वर निघून जाते. ढग असते तर त्यांनी ती पांघरुणासारखी थोडीफार अडवली असती. पहाटेपर्यंत जमिनीलगतची हवा शून्य अंशाच्या खाली जाते. पानाच्या पेशींच्या मधल्या पोकळ्यांत बर्फ धरतो, तो पेशींतले पाणी बाहेर ओढून घेतो, आणि पेशी आतून कोरड्या पडून फाटतात. सकाळी ऊन लागले की तेच पान काळे पडून लोंबते. घराच्या भिंतीत मात्र दिवसाचे ऊन आणि घरातली ऊब मुरलेली असते, ती रात्रभर हळूहळू बाहेर पडते. कढीपत्त्याला भिंतीने राखले. पिंपळाला राखणारे कोणी नव्हते.

दुसरे कारण कुंडीचे. जमिनीतल्या झाडाच्या मुळांना धरणीची ऊब असते. थंडी वरून हळूहळू खाली उतरते. कुंडीतल्या मुळांना थंडी चारी बाजूंनी आणि खालूनही घेरते. म्हणून जे झाड जमिनीत असताना थंडी सोसते, तेच कुंडीत मरू शकते.

तिसरे कारण सांगताना त्या मुलीचा आवाज दाटून आला. थंडी येणार म्हणून रोप धष्टपुष्ट व्हावे, ह्या मायेने तिने सप्टेंबरभर त्याला खत घातले होते. खताने कोवळे लुसलुशीत शेंडे फुटले, आणि थंडी प्रथम मारते ती अशाच शेंड्यांना. उन्हाळा सरत आला की खत थांबवावे, वाढ मंदावू द्यावी, म्हणजे फांदी पिकून टणक होते. हे तिला ठाऊक नव्हते. माया होती, ज्ञान नव्हते. भगवान बुद्धांनी करुणेच्या जोडीला प्रज्ञा का ठेवली, हे ह्या एका कुंडीवरून समजून घ्यावे. प्रज्ञेवाचून करुणा आंधळी असते. ती ज्याला जपायला जाते, त्याचाच कधी कधी घात करते.

नाजूक म्हणजे काय?

तिकडचे लोक अशा झाडांना नाजूक म्हणतात. हा शब्द जरा तपासून पाहू या. इंग्लंडच्या अंगणात नाजूक ठरणारा डेलिया मूळचा मेक्सिकोचा, आणि तिथले ते राष्ट्रीय फूल आहे. तिथल्या डोंगरांवर तो कोणाच्या मदतीवाचून जगतो. जमिनीखालच्या कंदात अन्न साठवून कोरडे महिने काढतो. खिडक्याखिडक्यांतून फुलणारे, जिरेनियम म्हणून ओळखले जाणारे पेलार्गोनियम दक्षिण आफ्रिकेतले. ते पाण्यावाचून असे दिवस काढते की इंग्लंडातली कित्येक झाडे त्यात सुकून जातील. आणि आपला पिंपळ? तो किल्ल्याच्या तटात, विहिरीच्या कडेला, दगडाच्या फटीत उगवतो आणि दगडच फोडून टाकतो. त्याला नाजूक कोण म्हणेल?

म्हणजे नाजूकपणा हा झाडाचा जन्मजात दोष नव्हे. झाड आणि जागा ह्यांच्या नात्याला दिलेले ते नाव आहे. झाडाला त्याच्या मातीतून काढले, हातभर कुंडीत बसवले, मुळे खोल न्यायची वाट बंद केली, आणि उघड्या फरशीवर ठेवले. मग एका रात्रीत ते मेले की आपण म्हणतो, जातच नाजूक!

बंधुभगिनींनो, हे वाक्य कानाला ओळखीचे वाटते ना? आपल्या बापजाद्यांना पिढ्यान्‌पिढ्या हेच सांगितले गेले. तुमच्यात मुळातच काही कमी आहे, तुमची बुद्धीच तेवढी, तुमची पायरीच ती. कोणी कुंडीकडे पाहिले नाही. विद्येची बंदी, पाण्याची बंदी, धंद्याची बंदी, रस्त्याची बंदी. ह्या भिंतींत मुळे किती खोल जाणार? भिंती ज्यांनी घातल्या, त्यांनीच वर झाडाला दोष दिला. ज्या दिवशी मुळांना थोडी मोकळी माती मिळाली, त्या दिवशी काय उगवले हे जगाने पाहिले. त्याच इंग्लंडात, लंडनच्या थंडीत, १९२० ते १९२३ ह्या काळात अर्धपोटी राहून अभ्यास करणारा विद्यार्थी कोणत्या वस्तीतून आला होता, हे तुम्हाला सांगायला नको.

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. जमिनीतल्या झाडाला आपण विसरलो तरी ते आपल्या मुळांच्या बळावर काही काळ तगते. कुंडीतल्या रोपाला तो मार्ग आपणच बंद केलेला असतो. कुंडी आपण निवडली, जागा आपण निवडली. त्याला स्वतःहून भिंतीकडे सरकता येत नाही. म्हणून त्याची राखण हे आपले औदार्य नसून आपल्यावरचे ऋण आहे. ज्याने बंधन घातले, त्याच्यावर जबाबदारी आली. मला ह्या प्रश्नाचे उत्तर इतकेच दिसते.

थंडीपूर्वीची कामे

ऋण फेडायचे ते योग्य वेळी. आपल्याकडे अशोक विजयादशमीची लगबग असते, त्याच सुमारास इंग्लंडात कुंड्या आवरण्याचे दिवस येतात. तिकडे बऱ्याच भागांत पहिले हिमकण ऑक्टोबर-नोव्हेंबरात पडतात आणि शेवटची गारठ्याची रात्र मे महिन्यातही येऊ शकते. त्या मुलीच्या शेजारी एक वृद्ध इंग्रज बाई राहतात. पिंपळ गेल्यावर त्यांनीच तिला कामे शिकवली. ज्यांची मुलेबाळे थंड देशात आहेत, त्यांना उपयोगी पडतील म्हणून ती क्रमाने सांगतो.

प्रथम निवड करावी. कोणते झाड बाहेर तगेल, कोणाला नुसते पांघरूण पुरेल आणि कोणाला घरातच घ्यावे लागेल, हे ठरवावे. पिंपळ आणि कढीपत्ता पारा १० अंशांच्या खाली उतरू लागताच घरात घ्यावेत. पेलार्गोनियमला गार पण बर्फ न धरणारी, उजेडाची जागा पुरते.

घरात घेण्यापूर्वी प्रत्येक पान उलटून पाहावे. मावा, पांढरी माशी पानांच्या खालच्या बाजूस बसलेली असते. बाहेर तिला खाणारे किडे असतात; घरात कोणी नसते. एक रोगट कुंडी साऱ्या कुंड्या बिघडवते.

घरात आले की पाणी कमी करावे. हे नव्या माणसाला पटत नाही. उजेड कमी, गारवा जास्त, म्हणून झाड अर्धवट झोपेत असते आणि पाणी थोडेच पिते. रोज पाणी घातले की मुळे कुजतात. थंडीने मरत नाहीत इतकी झाडे हिवाळ्यात जास्त पाण्याने मरतात, असे त्या बाईंचे म्हणणे आहे. माती बोटभर खोल कोरडी लागली तरच पाणी द्यावे, आणि कुंडीखालच्या ताटलीत ते साचू देऊ नये. खोली तापवण्याच्या यंत्राजवळ कुंडी ठेवू नये. त्या कोरड्या हवेने कढीपत्त्याची पाने गळतात.

डेलियाची रीत वेगळी. पहिल्या गारठ्याने पाने काळी पडेपर्यंत थांबतात. मग देठ वीतभर ठेवून कापतात, कंद अलगद खणून काढतात, माती झाडतात आणि पोकळ देठातले पाणी निथळावे म्हणून दोन-तीन आठवडे उलटे टांगून सुकवतात. नंतर कोरड्या वाळूत घालून, बर्फ न धरणाऱ्या खोलीत अंधारात ठेवतात. पाहणाऱ्याला वाटावे, झाड संपले. पण कंद जिवंत असतो.

ज्या कुंड्या बाहेरच राहणार, त्या भिंतीच्या आडोशाला एकमेकींना चिकटून मांडाव्यात. एकटी कुंडी चारी बाजूंनी गारठते. दहा जवळ असल्या की मधल्या कुंड्यांना बाहेरच्यांचा आडोसा मिळतो. कुंडीला बाहेरून गोणपाट किंवा हवेचे बुडबुडे असलेला प्लॅस्टिकचा कागद गुंडाळावा. पानांवर मात्र प्लॅस्टिक नको. आत ओल धरून पाने सडतात. त्यासाठी फ्लीस नावाचे हलके पांढरे कापड मिळते. ते रात्री पांघरावे, आणि दिवस उबदार असला तर काढावे.

आता कुंडीविषयी. मातीच्या कुंडीच्या अंगात पाणी मुरते. पाण्याचा बर्फ झाला की तो सुमारे ९ टक्के फुगतो आणि कुंडी तडकते. म्हणून कुंडीखाली विटांचे तुकडे ठेवून ती जमिनीपासून उचलावी, खालचे भोक मोकळे राहील असे पाहावे. रिकाम्या कुंड्या धुऊन, कोरड्या करून छपराखाली ठेवाव्यात.

ह्या सगळ्यात मंत्र नाही, उतारा नाही, नवस नाही. आकाश पाहणे, पान उलटून पाहणे, बोट मातीत घालून पाहणे, आणि वेळेपूर्वी उठणे, एवढेच आहे. ह्यालाच धम्मात अप्रमाद म्हणतात. आपल्याकडे निफाडच्या बाजूला पारा फार उतरला की द्राक्षबागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, पाणी सोडतात. त्यांना हे कोणी सांगावे लागत नाही. थंडी पडल्यावर रडणे सोपे असते. थंडी पडण्यापूर्वीच्या संध्याकाळी उठून कुंडी उचलणे, हेच खरे शील.

राजाची संत्री

इथे कोणी विचारील, "माणसे थंडीने मरत असताना कुंड्यांचे लाड कशाला?" हा आक्षेप खोटा नाही. त्याला इतिहासाचा आधार आहे.

फ्रान्सचा राजा चौदावा लुई ह्याने व्हर्साय येथे १६८४ ते १६८६ ह्या काळात संत्र्यांच्या झाडांसाठी एक प्रचंड दगडी इमारत बांधली. जाड भिंती, दक्षिणेकडे तोंड केलेल्या उंच खिडक्या, म्हणजे हिवाळ्याचे ऊन आत यावे. लाकडी पेट्यांत लावलेली संत्र्या-लिंबांची झाडे ऑक्टोबरात आत नेत आणि मे महिन्यात बाहेर काढीत. आजही तिथे एक हजारांवर झाडांसाठी हीच रीत पाळतात. बागकामाची कला म्हणून तिला नावे ठेवता येणार नाहीत.

पण १७०९ च्या जानेवारीत युरोपावर भयंकर थंडी कोसळली. नद्या गोठल्या, शेतात पेरलेला गहू जळाला, पाठोपाठ दुष्काळ आणि रोगराई आली. इतिहासकारांच्या अंदाजाप्रमाणे त्या एक-दोन वर्षांत फ्रान्समध्ये सुमारे ६ लाख माणसे जादा मेली. संत्र्यांसाठी दगडी महाल होता. ज्याच्या घामावर तो उभा राहिला, त्या शेतकऱ्याच्या अंगावर धड घोंगडी नव्हती.

ह्यावरून झाडे राखू नयेत असे ठरते काय? मुळीच नाही. राजाचा अपराध संत्री जपण्यात नव्हता. थंडीत काय करावे लागते हे त्याला पुरते ठाऊक होते, आणि ते ज्ञान त्याने माणसांच्या बाबतीत वापरले नाही, हा त्याचा अपराध. झाडाला आडोसा, ऊब आणि वेळीच हालचाल लागते हे ज्याला समजते, त्याला माणसाचेही समजलेच पाहिजे. आपल्या देशातही असेच झाले. गाईला गोठ्यात जागा होती, तुळशीला अंगणात वृंदावन होते, आणि माणसाची सावली उंबऱ्यावर पडू द्यायची नव्हती. परमपूज्य बाबासाहेबांनी शिकवले की माणसाचे माणसाशी वागणे कसे असावे, हा धम्माचा गाभा आहे. म्हणून कुंडी घरात घेताना एकदा दाराबाहेर नजर टाकावी. फुटपाथवर कोण झोपला आहे? घरकाम करणाऱ्या बाईच्या अंगावर गरम कपडा आहे काय? वस्तीतल्या म्हाताऱ्यांना कांबळे मिळाले काय? हे पाहणाऱ्याने कुंडी खुशाल घरात घ्यावी. त्याचे मन दोन्हीकडे पुरे पडते.

भगवंतांच्या संघाची एक आठवण इथे सांगण्याजोगी आहे. पावसाळ्यात भिक्षू फिरत असता कोवळे गवत आणि लहान जीव पायाखाली तुडवले जातात, अशी लोकांनी तक्रार केली. भगवंतांनी ती क्षुल्लक म्हणून झिडकारली नाही. त्यांनी वर्षावासाचा नियम घातला. दुःखाचा अंत शोधणाऱ्या महापुरुषाला गवताच्या कोंबाकडे पाहायला सवड होती. करुणा वाटून कमी होत नसते.

किती झाकावे, किती सोसू द्यावे?

शेवटचा प्रश्न सर्वांत अवघड. राखण किती करावी? कायमची झाकून ठेवलेली झाडे फिकी, लांबट आणि दुबळी होतात. हिवाळा संपल्यावर त्यांना एकदम उघड्यावर ठेवले तर ऊन आणि वारा त्यांना जाळतात. म्हणून तिकडचे माळी वसंतात झाडांना हळूहळू सवय लावतात. पहिल्या दिवशी तासभर सावलीत, दुसऱ्या दिवशी दोन तास, रात्री पुन्हा आत. असे आठ-पंधरा दिवस. पाने जाड होतात, देठ घट्ट होतो, मग झाड बाहेर राहते. एकदम उघड्यावर टाकणे हे एक टोक, कधीच बाहेर न काढणे हे दुसरे टोक. मधला मार्ग म्हणजे आज एक तास, उद्या दोन तास. तो मापून चालायचा असतो.

आपल्या घरांना हे लागू नाही काय? मुलाला शिष्यवृत्ती मिळाली, राखीव जागा मिळाली, की लोक टोमणे मारतात आणि मुलाची मान खाली जाते. त्याला सांगा, हे पांघरूण तुझ्या दुबळेपणाबद्दल मिळालेले नाही. कुंडी लहान होती आणि थंडी चारी बाजूंनी होती, म्हणून ते आहे. त्यात लाज नाही. पण त्याच मुलाला हेही सांगा, की पांघरुणाखाली मुळे वाढव, देठ घट्ट कर. आणि तू भिंतीच्या उबेला पोचलास, तर मधोमध एकट्या पडलेल्या दुसऱ्या कुंडीला हात देऊन जवळ ओढ. आपल्यातले कित्येक शिकलेले लोक भिंतीपाशी पोचले आणि अंगणाकडे पाठ करून बसले. त्यांचे रोप वाचले, पण ऋण फिटले नाही.

आणि घरातल्या सासूबाईंचे काय? त्यांनाही एकदम उघड्यावर ओढू नका. सत्तर वर्षांची भीती एका वादविवादाने जात नाही. त्यांना रागावू नका, हिणवू नका. दोन कुंड्यांची गोष्ट सांगा. "आई, एक मेली, एक जगली, भिंत कुठे होती ते पाहा," एवढेच म्हणा. आज एक तास, उद्या दोन तास.

बोधिवृक्ष हा देव नव्हे. तो प्रसन्न होत नाही, कोपतही नाही. त्याच्या सावलीत एका माणसाने दुःखाचे कारण शोधले, त्याची ती खूण आहे. संघमित्रा थेरी बोधिवृक्षाची शाखा पात्रात लावून, जहाजातून लंकेला घेऊन गेली, असे महावंस सांगतो. नागपूरच्या दीक्षाभूमीवरचा बोधिवृक्षही भदन्त आनंद कौसल्यायन ह्यांनी अनुराधपुराहून आणलेल्या रोपांतून वाढलेला आहे. शतकानुशतके ह्या झाडाला माणसांच्या हातांनी जपले, पाणी घातले, कुंपण केले. चमत्काराने ते टिकलेले नाही.

त्या मुलीने मे महिन्यापर्यंत पिंपळाची वाट पाहिली. तो फुटला नाही. कढीपत्त्याला मात्र बुंध्यापाशी नवे कोंब आले. तिने आईला त्याचे छायाचित्र पाठवले, आणि आईने ते सासूबाईंना दाखवले. म्हातारी बराच वेळ पाहत राहिली, मग म्हणाली, "मग तिला सांग, औंदा पिंपळ लावला तर भिंतीला लागून ठेव म्हणावं. आणि दसरा आला की घरात घे."

त्या उपासिकेला आता झोप लागते.